सोडा-व्हिनेगरचा फेस आणि गाडीची सीट

'खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सीटवर ओता, फेसाबरोबर मळ वर येतो,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. फेस दिसतोच, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

पण तो फेस साबणाचा नाही, कार्बन डायऑक्साइडचा. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि उरतं जवळपास खारट पाणी. घरीच बघा: एका फडक्यावर तेलाचे दोन डाग पाडा. एकावर हे मिश्रण, दुसऱ्यावर कपडे धुण्याच्या पावडरचं कोमट पाणी. घासा, वाळू द्या, उजेडात धरा.

सोडा निरुपयोगी मात्र नाही. कोरडाच भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढा. वास कमी होतो. डागाला पातळ साबणाचा फेस आणि मऊ ब्रश पुरे.

जुन्या गाडीत खरी भीती ओतलेल्या पाण्याची. कार्पेटखालचा नमदा, म्हणजे दाबून केलेला जाड थर, पाणी धरून ठेवतो, वरून कोरडं वाटलं तरी. कोरडा पांढरा नॅपकिन ठेवून त्यावर टाचेने भार द्या. ओल उमटली तर दारं उघडी टाकून उन्हात अजून एक दिवस. पावसाळ्यात हे काम काढूच नये, असं माझं मत.