महारेरा क्रमांक आणि भोगवटा प्रमाणपत्र

निवृत्तीनंतर राहण्यासाठी वाईसारख्या जुन्या बाजारपेठेच्या गावात नवे घर शोधणारी मुंबईतील अनेक कुटुंबे जाहिरातीत महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) क्रमांक दिसला की निर्धास्त होतात. वस्तुतः तो क्रमांक प्रकल्पाच्या नोंदणीचा असतो. इमारत वापरण्यास परवानगी मिळाल्याचा दाखला म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि ते वाईत नगरपरिषद देते.

महारेराची नोंदणी मुख्यतः बांधकाम पुरे होण्याआधीच्या विक्रीला शिस्त लावते. २०१६ च्या स्थावर संपदा (रेरा) कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाला त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे, परंतु काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले की नाही, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. तीन मजल्यांच्या मंजुरीवर चौथा चढवलेला असेल, तर ती अडचण भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळीच उघडी पडते. जीएसटीही याच टप्प्याशी निगडित आहे: बांधकाम चालू असताना घर घेतल्यास तो ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या गटात १ टक्का लागतो; इमारत पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या विक्रीवर लागत नाही.

जुन्या गावांत खरा घोटाळा होतो तो पुढेच. पेशवाईतील रास्ते सरदारांच्या काळापासून दाट वसलेल्या कृष्णाकाठच्या आळ्यांत भूखंड लहान असतात, आणि भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका ८ पर्यंत असतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची नसते. त्यामुळे वाडा पाडून बांधलेल्या सहा सदनिकांच्या इमारतीला क्रमांक नसणे हा दोष नव्हे. भोगवटा प्रमाणपत्राला मात्र अशी सूट नाही, आणि नेमके तेच मागायचे राहून जाते. विक्रेता त्याऐवजी घरपट्टीची पावती पुढे करतो. पण कर आकारणी अनधिकृत बांधकामावरही होते, म्हणून ती पावती परवानगीचा पुरावा ठरत नाही.

नोंदणीकृत प्रकल्पाची कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर मुंबईत बसून पाहता येतात. लहान इमारतीसाठी मात्र सिटी सर्व्हे क्रमांक घेऊन नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जावे, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागावी, आणि आपण घेत असलेला मजला दोन्हींत आहे ना, हे विसार देण्यापूर्वी स्वतः ताडून पाहावे.