सिंहावलोकनी शिल्पप्रदर्शन (नागपूर)

एकाच आधुनिक शिल्पकाराची कामे, कच्ची रेखाटने, साचे, हत्यारे, पत्रे व छायाचित्रे एकत्र मांडून त्याचे आयुष्य आणि घडण दाखवणारे प्रदर्शन. ते बहुधा जन्मशताब्दीच्या किंवा स्मृतिवर्षाच्या निमित्ताने भरते. नागपुरात सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि लोकमत भवनातील जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरी या त्यासाठीच्या परिचित जागा. १८६३ साली स्थापन झालेला ‘अजब बंगला’, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, मात्र प्राचीन मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे.

चित्रकाराचे बहुतेक काम गाडीत घालून आणता येते. शिल्पकाराचे सर्वांत मोठे काम मात्र चौकातच राहते. विनायक पांडुरंग करमरकरांचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी पुण्याहून हलत नाही. रामकिंकर बैज यांचे सिमेंट-खडीतले ‘संथाळ कुटुंब’ (१९३८) शांतिनिकेतनातच पाहावे लागते. म्हणून प्रदर्शनाचा खरा ऐवज म्हणजे प्लास्टर. शिल्पकाराचा हात मातीवर फिरतो, ती माती साचा काढताना मोडते आणि त्या साच्यात प्लास्टरचा पुतळा ओततात. ब्राँझ ओतणारे हात बहुधा फाउंड्रीतल्या कारागिरांचे असतात. मधले प्लास्टरच मूळ हाताच्या सर्वांत जवळचे. तरीही ते ‘कच्चे काम’ समजून कोपऱ्यात ठेवले जाते. गणपतराव म्हात्र्यांची कीर्ती ज्या ‘मंदिरपथगामिनी’ने झाली तीही प्लास्टरचीच, हे अशा वेळी आठवावे.

घडण दाखवणारा विभाग चांगला जमला तर गर्दी तिथेच थांबते. चितार ओळीमुळे, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीमुळे, नागपूरकराला मातीची मूर्ती नवी नसते. पण बांबू-तणसाच्या सांगाड्यावरची ती मूर्ती रंगवून पुरी होते, इथे माती ही फक्त पहिली पायरी. अर्धपुतळ्यासाठी लाकडी खांबावर वाकवलेली सळई आणि तारेने लोंबकळवलेले लाकडाचे छोटे फुलीतुकडे दाखवावेत. या तुकड्यांना ‘बटरफ्लाय’ म्हणतात. ते नसले की ओली माती स्वतःच्या वजनाने खाली घसरते. वाळताना माती आकसते आणि सळई आकसत नाही, म्हणून भेगा पडतात. प्रात्यक्षिकातल्या मातीवर ओले कापड व वर प्लास्टिक गुंडाळलेले नसेल, तर नागपूरच्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत कपाळाला तडा गेलेला दिसतो.

पुढची पायरी एकदाच वापरायच्या साच्याची. पाण्यात प्लास्टर भुरभुरत जायचे, साधारण १ लिटरला दीड किलो, आणि आवळू लागल्यावर पुन्हा ढवळायचे नाही. ढवळले की ते भुसभुशीत राहते. मातीवर पहिला थर ३ ते ५ मिलिमीटरचा, त्यात थोडी नीळ. त्यावर दीड-दोन सेंटिमीटरचा पांढरा थर. माती काढून साचा आतून साबणाच्या पाण्याने माखतात आणि पुतळा ओततात. मग बोथट छिन्नीने साचा फोडताना निळा रंग दिसला की हात हलका करायचा, कारण त्याच्या आत नाक आहे. असा अर्धा फोडलेला साचा मांडला, तर खुलासेवजा फलकाची गरजच उरत नाही.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच धरावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि त्याही वर जातो. तेव्हा दालनात कूलर लागतो आणि नुकसान उन्हापेक्षा कूलरच करतो. त्याची ओली हवा प्लास्टर शोषून घेते, आतली लोखंडी सळई गंजते, गंज फुगतो आणि पृष्ठभागावर तांबूस डाग, मग चीर. रेखाटनांचे कागदही लाटेसारखे वळतात. कूलर बंद ठेवता येत नसेल, तर प्लास्टर व कागद वातानुकूलित खोलीतच हवेत.

हाताळणीत चुका ठरलेल्या असतात. पुतळा कानाला, हाताला किंवा मानेला धरून उचलू नये. एक हात बैठकीखाली, दुसरा पाठीला. प्लास्टरवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी, ओल्या फडक्याने ती आत मुरते. ब्राँझवर पितळ चकाकवणारे पॉलिश लावले की शिल्पकाराने मुद्दाम आणलेली रंगछटा निघून जाते. ती परत आणणे म्हणजे नवे काम करणे. ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते शिल्प बाजूला काढून जाणकाराला दाखवावे. पेटी उघडतानाच प्रत्येक तड्याचा फोटो व नोंद घ्यावी. विमा वस्तू मूळ जागेवरून उचलल्यापासून तिथे परत पोहोचेपर्यंतचा असावा.

अर्धपुतळ्याची बैठक मीटरभर उंच ठेवली की डोळे प्रेक्षकाच्या नजरेला भिडतात. प्लायच्या पोकळ बैठकीत तळाशी वाळूच्या पिशव्या हव्यातच, शाळेच्या सहलीचा एक धक्का पुरतो. वरच्या मजल्यावर संगमरवर न्यायचा तर आधी हिशेब करावा: ३०० किलोचे शिल्प ४५ सेंटिमीटर चौरस पायावर उभे केले की दर चौरस मीटरला सुमारे १,५०० किलो भार पडतो. खाली १.२ मीटर चौरस जाड, न वाकणारी फळी टाकली की तो २१० किलोच्या आत येतो. मुख्य प्रकाश एका बाजूने, ४५ अंशांतून. समोरून ट्यूबलाइट मारली तर चेहरा सपाट दिसतो. रेखाटनांना ५० लक्सहून जास्त उजेड नको.

पाटीवर माध्यम व सालाबरोबर ओतकाम कधीचे, हेही हवे. शिल्पकाराच्या हयातीतले ब्राँझ आणि वारसांनी नंतर ओतून घेतलेले ब्राँझ यांत फरक आहे. फायबरग्लासच्या प्रतीला प्रतच म्हणावे. भारतात स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. करमरकर १९६७ साली गेले, म्हणजे त्यांच्या कामांचा २०२७ अखेरपर्यंत. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचे छायाचित्र छापायला कायद्याने मुभा आहे. त्याची छोटी प्रत ओतून दालनाबाहेर विकायला नाही.