औषधरोधी गजकर्ण

औषधरोधी गजकर्ण : नेहमीच्या बुरशीनाशक औषधांनी आटोक्यात न येणारा त्वचेचा संसर्ग. बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातील सीमाभागात मराठी भाषक या रोगाला गजकर्ण किंवा नायटा म्हणतात आणि बहुधा किरकोळ समजतात. हा समज आता सोडायला हवा, कारण पूर्वी काही आठवड्यांत जाणारे चट्टे आज अनेकांच्या अंगावर महिनोन्‌महिने राहतात, मांड्या, कंबर, चेहरा असे पसरतात आणि घरातील लहान मुलांनाही होतात.

याला मुख्यतः कारणीभूत असलेल्या बुरशीचे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही स्वतंत्र जात म्हणून वर्णन २०२० मध्ये जपानी संशोधकांनी केले. टर्बिनाफिन हे बुरशीनाशक औषध बुरशीतील स्क्वालीन एपॉक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होत नाही. या विकराच्या जनुकात उत्परिवर्तन होऊन विकरात ३९७ व्या स्थानी फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन आले की औषधाची पकड सुटते आणि गोळ्या नियमित घेऊनही रोग हटत नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दिल्लीतील नमुन्यांत असे बदल दाखवून दिले. ॲस्परजिलस या बुरशीमधील ॲझोल-रोध (ॲझोल गटातील बुरशीनाशकांना न जुमानणे) आणि रुग्णालयांत पसरणारी कँडिडा ऑरिस ही बुरशी हेही त्यांच्या दीर्घ संशोधनाचे विषय असून, अंदमानच्या किनाऱ्यावर ही कँडिडा आढळल्याचे त्यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले.

रोग चिवट होण्यामागे स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचाही मोठा हात आहे. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक व प्रतिजैविकासोबत क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, रुग्ण सुखावतो. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी आत वाढत राहते आणि मलम थांबवताच चट्टा वर्तुळात वर्तुळ घेऊन उमटतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

निदानासाठी चट्ट्याच्या कडेची खपली बोथट पात्याने खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवतात. सूक्ष्मदर्शकाखाली फाटे फुटलेले तंतू दिसले तर बुरशी नक्की होते. तिची जात ओळखण्यासाठी साबूरो आगर या पोषक माध्यमावर वाढवावे लागते व त्याला दोन ते चार आठवडे लागतात. रोध आहे का, हे मात्र संवेदनशीलता चाचणीत किंवा जनुक तपासूनच कळते. टर्बिनाफिन निष्फळ ठरल्यास बहुधा इट्राकोनॅझोल देतात आणि चट्टे दिसेनासे झाल्यावरही उपचार काही काळ चालू ठेवतात.

अथणी परिसरातील द्राक्षबागांत भुरी या बुरशीरोगावर फवारली जाणारी, इट्राकोनॅझोलच्याच गटातील ट्रायॲझोल औषधे या रोगाशी जोडण्याचा मोह होतो. तसा संबंध मुख्यतः ॲस्परजिलसबाबत दाखवला गेला आहे. गजकर्ण माणसाकडून माणसाला, तसेच एकच टॉवेल किंवा कपडे वापरल्याने पसरते, म्हणून घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात.

सीमाभागातील रुग्ण बेळगावइतकेच मिरज व कोल्हापूर येथेही उपचारांसाठी जातात. त्यामुळे आधी कोणती गोळी, किती मात्रेत व किती दिवस घेतली याची माहिती दवाखान्या-दवाखान्यांत विखुरते, आणि पुढचे औषध निवडताना त्वचारोगतज्ज्ञाला नेमकी तीच लागते. जुन्या चिठ्ठ्या व वापरलेल्या ट्यूबचे वेष्टन सोबत नेल्यास माहितीची ही उणीव बरीचशी भरून निघते.