जेल प्लेटच्या आधीची जेली

जेल प्लेट म्हणजे घरी हाताने छाप काढायची जेलीसारखी मऊ प्लेट: तिच्यावर रंग लावायचा, कागद दाबून उचलायचा, की एक प्रत मिळते. पण एकच प्रत देणारी छपाई ही कल्पनाच छपाईच्या धंद्यात बसणारी नाही. तांब्याचा पत्रा कोरायचा तो भरपूर प्रती निघाव्यात म्हणून. तरी १६४० च्या दशकात इटलीतल्या जिनोआच्या जोव्हानी बेनेदेत्तो कास्तिल्योने या चित्रकाराने न कोरलेल्या पत्र्यावर शाई फासली, ती पुसून पुसून चित्र काढलं आणि कागदावर उतरवलं. कोरीव काहीच नसल्यामुळे दुसऱ्या छापाला शाई पुरत नाही. मोनोटाइपची, म्हणजे अशा एकाच प्रतीच्या छापाची, सुरुवात त्याच्यापासून धरतात. पुढची दोनशे वर्षं हा प्रकार जवळजवळ अडगळीतच होता. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचे १७९५ चे मोठे रंगीत छाप हा ठळक अपवाद.

१८७० च्या दशकात पॅरिसमध्ये चित्रकार एदगार देगाला या नादाला लावलं ते त्याचा मित्र लेपिकने. देगाच्या पहिल्या मानल्या जाणाऱ्या मोनोटाइपवर दोघांच्याही सह्या आहेत. पुढे देगाने तीनशेहून अधिक छाप काढले. पत्र्यावर उरल्यासुरल्या शाईवर तो पुन्हा कागद दाबायचा आणि त्या फिकट छापावर पेस्टलने काम करायचा. आज जेल प्लेटवर ‘घोस्ट प्रिंट’ काढून त्यावर रंगवत बसणारे नेमकं हेच करतात.

देगाचं काम प्रेसवर चालायचं. बोस्टनच्या चित्रकार मॉरिस प्रेंडरगास्टने १८९० च्या दशकात तेही सोडलं. खोलीतल्या जमिनीवर कागद पसरून तो चमच्याने घासायचा. घरगुती छपाईचा मूळ पुरुष म्हणून मी त्यालाच मान देईन.

जेली आली ती मात्र कलेतून नाही, कचेरीतून. हेक्टोग्राफ हे प्रती काढायचं साधन १८६९ मध्ये रशियाच्या मिखाईल अलिसोवने शोधल्याचं मानतात. जिलेटीन आणि ग्लिसरीन वितळवून तबकात थिजवायचं, ॲनिलीन या कृत्रिम रंगाच्या शाईने लिहिलेला कागद त्यावर पालथा घालायचा. शाई जेलीत मुरते आणि कोऱ्या कागदांवर थोडी थोडी उतरत राहते. दुसऱ्या महायुद्धात श्टालाग लुफ्ट ३ या जर्मन छावणीतल्या युद्धकैद्यांनी पलायनाचे नकाशे असेच छापले. रेड क्रॉसच्या पार्सलातली जेली गरम पाण्यात घालून, पिळून साखर काढायची आणि उरलेलं जिलेटीन डब्याच्या पत्र्यांच्या तबकांत ओतायचं. शाई कॉपिंग पेन्सिलीची, म्हणजे ओली केली की शाईसारखी उतरणाऱ्या पेन्सिलीची, शिसं कुटून केलेली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रकारांनी आणि कलाशिक्षकांनी जिलेटीन घेतलं, पण शाई मुरवण्यासाठी नव्हे. प्रेसमध्ये कागदावर जाड फेल्ट घालतात. दाब पडला की ते मऊ कापड कागदाला पत्र्याच्या खाचाखोचांत ढकलतं. जेलीत मऊपणा प्लेटमध्येच असतो. पानाची शीर असो की जाळीचा धागा, प्लेट त्याभोवती दबते आणि कागदाला येऊन भिडते. तळहाताचा दाब पुरतो तो यामुळे.

अडचण एवढीच की नुसत्या जिलेटीनची प्लेट काही दिवसांत बुरसते आणि उन्हाळ्यात पाघळते. ग्लिसरीन घातलं की ती टिकते, फाटली तर वितळवून पुन्हा ओतता येते. शिवाय जिलेटीन जनावरांच्या हाडाकातड्याचं, म्हणजे शाकाहारी घरात त्यासाठी पातेलं मागण्याआधी दहादा विचार. २०११ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या जेली आर्ट्सने कृत्रिम, न बुरसणारी तयार प्लेट बाजारात आणली आणि हा छंद खऱ्या अर्थाने घरोघर गेला. त्याला हातभार लागला ॲक्रिलिक रंगाचा: पातळ थर लगेच वाळतो, त्यामुळे एकाच बैठकीत थरावर थर चढवता येतात.

गंमत म्हणजे जेली पुन्हा नक्कल करायच्या कामालाही लागली आहे. प्लेटवर काळा ॲक्रिलिक अगदी पातळ लावून त्यावर फोटोचा लेझर प्रिंट दाबून उचलतात. प्रिंटमधला कोरा कागद रंग ओढून घेतो. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची भुकटीची शाई, घेत नाही, त्यामुळे गडद भाग प्लेटवरच राहतो. तो वाळला की वर फिकट रंग फिरवायचा आणि दुसऱ्या कागदावर दोन्ही थर एकदम उचलायचे. इंकजेटचा प्रिंट मात्र इथे चालत नाही, त्याची शाई रंगाला अडवत नाही.