अमेरिकेत गाडी चालवायची आहे? मग आधी पेटीतलं लायसन्स काढा

दिवाळी झाली, थोडाफार कापूस विकला गेला, की माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. पोरगा नाहीतर पोरगी अमेरिकेत. व्हिसा लागलेला, तिकीट निघालेलं. आणि जायला पंधरा दिवस उरले असताना जावयानं फोनवर सांगितलेलं असतं, ‘येताना इंटरनॅशनल लायसन्स घेऊन या.’ काकाजी प्लास्टिकच्या पिशवीतून आपलं लायसन्स काढून टेबलावर ठेवतात. अर्ध्या लोकांचं काम तिथंच अडतं.

अडतं, कारण हा आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे नवं लायसन्स आहे असा समज असतो. तो रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारातला कागद आहे. तुमच्या भारतीय लायसन्सवर जे लिहिलंय तेच परदेशातल्या पोलिसाला वाचता यावं म्हणून. मूळ लायसन्समध्ये जी खोट असेल ती तशीच विमानात बसते.

सगळ्यात जास्त आढळणारी खोट वाहनाच्या प्रकाराची. गेल्या हंगामात एक काकाजी आले होते. तीस वर्षं रस्त्यावर. कार्ड उलटं केलं तर मागं दोनच ओळी: मोटरसायकल आणि ट्रॅक्टर. मी म्हटलं, ‘काकाजी, कार कुठं आहे यात?’ तर म्हणाले, ‘अन् मी काहून चंद्रपूरपर्यंत गाडी नेतो मग?’ नेत असाल जी, पण कार्डावर एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, लिहिलेलं नसेल तर परवान्यात कारचा शिक्का लागत नाही. तो प्रकार वाढवून घ्यायचा म्हणजे आधी लर्निंग, मग किमान ३० दिवस थांबणं, मग चाचणी. दोन महिने धरून चाला. त्यांचं तिकीट अकरा दिवसांवर होतं. ते गेले आणि तिकडे मागच्या सीटवर बसले.

दुसरी खोट नावाची. पासपोर्टवर नावापुढे ‘राव’ आहे, लायसन्सवर नाही. बायांचं तर विचारूच नका: लायसन्स माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या. दुरुस्तीला विवाह नोंदणीचा दाखला मागतात, आणि १९८८ मध्ये लग्न झालेल्या बाईकडे लग्नपत्रिका असते, फार तर अल्बम असतो, दाखला कुठून असणार? तो ग्रामपंचायतीतून उशिरानंही काढता येतो, पण साक्षीदार, जोडप्याचे फोटो, वयाचे पुरावे यात दिवस जातात. म्हणून व्हिसाची तारीख मिळाली त्याच आठवड्यात पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा.

तिसरी खोट जुन्या पुस्तकी लायसन्सची. लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर नंबर टाकला की ‘नोंद सापडत नाही’ येतं. मग ज्या कार्यालयानं लायसन्स दिलं त्याच कार्यालयाकडून बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या रजिस्टरातली माहिती पोर्टलवर, करून घ्यावी लागते. यात आपल्याकडे एक वेगळीच गंमत आहे. वाशीम जिल्हा अकोल्यातून १९९८ मध्ये निघाला, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ मध्ये. त्याआधी लायसन्स काढलेल्या वाशीमच्या माणसाची नोंद अकोल्याला आणि गोंदियावाल्याची भंडाऱ्याला असते. जिल्हा बदलला, रजिस्टर जागचं हललं नाही.

हे तिन्ही ठीक असेल तर अर्ज सोपा आहे. सारथीवर महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये आंतरराष्ट्रीय परवाना, नमुना ४-अ, केंद्रीय नियमांप्रमाणे १००० रुपये फी. सोबत लायसन्स, पासपोर्ट, तिकीट, फोटो आणि असेल तर व्हिसा. पासपोर्टची झेरॉक्स पहिल्या पानाची काढता तशी शेवटच्या पानाचीही काढा. पत्ता त्या पानावर असतो. भिंतीवरच्या यादीत फक्त ‘पासपोर्टची प्रत’ लिहिलेलं होतं, म्हणून मला एका खिडकीवरून परत पाठवलंय. येऊन-जाऊन दीडशे किलोमीटर एसटी, एका पानासाठी. दुसरं, जानेवारी २०२१ पासून अर्जाच्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसा यांची अट केंद्रानं काढलेली आहे, कारण काही देशांत व्हिसा पोहोचल्यावरच मिळतो. तरी कोणी मागितलंच तर वाद घालत बसू नका. दाखला जवळ असेल तर देऊन टाका, नसेल तर अधिसूचनेची प्रत पुढे करा.

मुदतीचं सांगायचं राहिलं. परवाना एक वर्षाचा असतो, पण तो दिल्याच्या तारखेपासून. तुम्ही विमानात बसाल तेव्हापासून नव्हे. मे मध्ये जाणारा माणूस ‘होऊन जाऊ द्या एकदाचं’ म्हणून ऑक्टोबरमध्ये काढून ठेवतो आणि सात महिने कपाटात घालवतो. शिवाय मूळ लायसन्स आधी संपत असेल तर परवानाही त्याच दिवशी संपतो. पंचावन्न ओलांडलेल्यांचं लायसन्स पाच-पाच वर्षांचंच होतं, तेव्हा ती तारीख आधी बघा. संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं. परवाना तिकडे असताना संपला तर भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो.

ऑनलाइन ‘दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स’ विकणारे आहेत. जिनिव्हा करारातला परवाना वर्षाचाच असतो, आणि आपल्याकडे तो आरटीओतून मिळतो. त्यांना पैसे देऊ नका.

नोकरीवर जाणाऱ्या पोरांसाठी वेगळी सूचना. परवाना वर्षाचा म्हणून वर्षभर चालेल असं ते गृहीत धरतात. अमेरिकेत नियम राज्याचा असतो. कॅलिफोर्नियात पाहुण्याला भारतीय लायसन्स पुरतं, आंतरराष्ट्रीय परवाना लागतच नाही. पण राहायला आलेल्या माणसानं १० दिवसांत तिथलं लायसन्स काढायचं असतं. टेक्सासमध्ये हीच सवलत ९० दिवसांची. भाड्यानं गाडी देणाऱ्या कंपन्यांचे नियम पुन्हा वेगळे. म्हणून मी म्हणतो, लागो न लागो, जवळ ठेवा. मात्र मूळ कार्डाशिवाय त्या परवान्याला किंमत नाही, आणि मोबाइलमधलं डिजिलॉकर तिकडे चालेल असं धरू नका. तसंच पोराच्या गाडीच्या विम्यात तुम्ही चालवलेलं बसतं का, हे किल्ली हातात घेण्याआधी विचारून घ्या.

आता रस्त्याचं. डावी-उजवी उलटी हे सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या दिवशी फजिती होते ती दांड्यांची: आपल्या मारुती-ह्युंदाईत इंडिकेटर उजव्या हाताला, तिकडे डाव्या. वळायला गेलं की काचेवर वायपर फिरतो.

चौकाचं मात्र नीट समजून घ्या. आपल्या तालुक्याच्या चौकात जो आधी घुसला तो गेला. तिकडे चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असेल, तर प्रत्येकानं चाक पूर्ण थांबवायचं, रिकामा रस्ता असला तरी. मग जो आधी आला तो आधी निघतो. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याचा मान. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पाटीनं मनाई नसेल तर; न्यूयॉर्क शहरात मात्र पाटीनं परवानगी असेल तरच. आणि पिवळी शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत थांबली, की मध्ये दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर मागच्यानं आणि समोरून येणाऱ्यानं, दोघांनीही थांबायचं. एसटीला कट मारून जायची सवय असलेल्या माणसाला हे सांगावंच लागतं.

वेग मैलांत असतो. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. तिकडच्या पाटीवरचे ६५ म्हणजे साधारण १०५. पाटी किलोमीटरची समजून ६५ वर रेंगाळलात तर मागचे वैतागतील. दारूची मर्यादा आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, तिकडे बहुतेक राज्यांत ८०. हा आकडा ऐकून एकाचा चेहरा खुलला होता. त्याला मी पुढचं सांगितलं, की तिकडे यात पकडलं तर हातकडी लागते आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

आपल्याकडे रात्री रोही (नीलगाय) आडवं येतं, तिकडे हरिण, विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबरात, तिन्हीसांजेला. आणि पोलिसाची गाडी मागून दिवे लावत आली तर उजवीकडे घेऊन थांबा, पण दार उघडून कागद दाखवायला खाली उतरू नका. आपल्याकडे ती अदब असते, तिकडे पोलिसाला त्याची भीती वाटते. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद त्यानं मागितल्यावर, आणि ते कुठं आहेत हे आधी सांगून मगच हात घाला.