गोळीच्या धक्क्याने जनावर पडत नाही

कॅलिबर, म्हणजे बंदुकीच्या नळीचा व्यास, जितकं मोठं तितकं चांगलं, नुसत्या धक्क्यानेच जनावर आडवं होतं, हा शिकाऱ्यांमधला जुना समज. तो चुकीचा आहे. हिशेब करून बघा: पॉइंट ३७५ एच अँड एच मॅग्नम (०.३७५ इंच कॅलिबरचं, मोठ्या जनावरांसाठीचं काडतूस) याची १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने सुटते. ७०० किलोच्या आफ्रिकन रानरेड्यात ती रुतली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर!

जनावर पडतं ते मेंदू किंवा मणका फुटल्याने, नाहीतर हृदय-फुप्फुसं फाटून रक्तस्राव झाल्याने. म्हणजे गोळी तिथवर पोचली पाहिजे. वाटेत जाड कातडी, बरगड्या, खांद्याचं हाड. मऊ टोकाची हलकी गोळी खांद्यावरच फुटली, तर जखमी जनावर झाडीत शिरून तासन्‌तास तडफडतं. याहून वाईट शिकार नाही.

आफ्रिकेतले नामांकित हत्ती-शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी शेकडो हत्ती ७ मिलिमीटरच्या, म्हणजे बऱ्याच लहान कॅलिबरच्या, माऊझर काडतुसाने मारले, ते न पसरणारी गोळी आणि मेंदूचा अचूक वेध यांच्या बळावर. तसा नेम फार थोड्यांचा असतो. म्हणून, जड गोळी हाडं भेदून आत पोचावी यासाठी, आफ्रिकेत अनेक ठिकाणी धोकादायक जनावरांसाठी पॉइंट ३७५ ही किमान अट आहे, आणि ती रास्तच आहे. त्याहून मोठं कॅलिबर घेताना मात्र, जिचा खांद्याला बसणारा दणका आठवून चाप ओढताना डोळे मिटतात, ती रायफल आपली नव्हे.