मनूची नाव, नोहाचं तारू आणि काशीतली पोथी

मनूच्या आणि बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयाच्या कथांचं मूळ एकच, असा दावा केला जातो. त्यामागे काशीतलं एक प्रकरण आहे. तिथल्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा लेख 1792 मध्ये कलकत्त्याच्या विद्वत्पत्रिकेत आला. पद्मपुराणाचा हवाला देऊन त्यात एका राजाचे तीन मुलगे दाखवले होते: शर्म, चर्म आणि ज्यापेति. म्हणजे थेट नोहाचे मुलगे शेम, हाम, याफेथ! बाप मद्याने झिंगतो, एक मुलगा हसतो, त्याला शाप मिळतो, हेही बायबलच्या पहिल्या, ‘उत्पत्ती’ नावाच्या पुस्तकातल्यासारखंच. युरोपात लेख गाजला.

पण पद्मपुराणात तशी कथाच नाही. अधिकारी पगारी पंडिताला बायबलमधल्या आणि ग्रीक कथा ऐकवी, मग पुराणांत तसं काही आहे का ते शोधायला सांगे. मागणी कळल्यावर पुरवठा झाला. पोथीतले शब्द खरवडून नवे घातले गेले, काही ठिकाणी अख्खी आख्यानं रचली गेली. संशय आला तो ठरावीक शब्दांपाशी अक्षराचं वळण आणि कागदाचा रंग बदललेला दिसला म्हणून. पंडिताने शपथेवर साक्ष द्यायला दहा ब्राह्मण आणले. अधिकाऱ्याने 1805 मध्ये फसवणूक छापून कबूल केली खरी, पण तोवर ते उतारे अनेक ग्रंथांत जाऊन बसले होते. सगळा दोष पंडिताच्या माथी मारणं मात्र सोयीचं आहे. प्रश्नातच उत्तर पुरवणारा मोकळाच सुटतो.

खऱ्या ग्रंथांत काय आहे? ‘शतपथ ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथात (1.8.1) मनूच्या हात धुण्याच्या पाण्यात मासा येतो, नावेचा दोर त्याच्या शिंगाला बांधतात, नाव उत्तरेच्या पर्वताला लागते. तिथे नोहाच्या कथेतल्यासारखं पाप नाही, प्राण्यांच्या जोड्या नाहीत, पक्षीही नाहीत. सप्तर्षी आणि बियाणं महाभारतात येतात, ‘आजपासून सातव्या दिवशी’ प्रलय ही मुदत भागवतात. उत्पत्तीतही सातच दिवसांची मुदत आहे. म्हणजे बायबलशी जवळीक वाढते ती नंतरच्या ग्रंथांत. प्राचीन समान मुळाच्या दाव्याला हे अडचणीचं आहे.

नोहाची पक्की सोयरीक मेसोपोटेमियाशी, म्हणजे प्राचीन इराकशी आहे. 1872 मध्ये लंडनमध्ये वाचल्या गेलेल्या, तिथल्याच गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या मातीच्या पाटीवर कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडले जातात. उत्पत्तीत कावळा आणि कबुतर. मनूची कथाही तिथूनच आली असं काही अभ्यासक मानतात, पण वाट दाखवणारा दुवा सापडलेला नाही. ऋग्वेदात तर ही कथाच नाही.